कोरडी चूल

"आलं का गं?" बिराप्पानं वरून हाक दिली.

"न्हाई, आबा," खालून मंगलचा आवाज आला.

बिराप्पा गवंडी लेकीच्या सासरच्या स्लॅबवर धुराड्यापाशी उभा होता. हातात तांब्या, बाजूला पाण्याची बादली. खाली मंगल चुलीपुढं बसून थेंबाची वाट बघत होती. गळतं शोधायची त्याची एकच रीत होती. एका वेळी एकाच जागी पाणी ओतायचं, एक बिडी संपेस्तोवर थांबायचं, मग पुढची जागा. स्लॅबचा सांधा झाला. आता धुराड्याची टोपीही झाली. चूल कोरडीच.

मंगल या घरात नांदायला आली त्याला दोन वर्षं झाली होती. पहिल्याच पावसात धुराड्यातून पाणी उतरलं आणि पेटती चूल विझली. पंधरा दिवसांत सासरा गेला. माणूस साखरेच्या आजारानं गेला, असं दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं. पण कागद कोण वाचतो? सासू रंगुबाईनं दोन्ही गोष्टींची मोट बांधली आणि सून पांढऱ्या पायाची ठरवून टाकली. जावई बिरदेव सकाळी गाडीला किक मारून कुपवाडच्या कारखान्यात जायचा आणि घरी आल्यावर आईपुढं तोंड उघडायचा नाही. घरात गॅस होता, पण तो चहापुरता. भाकरी चुलीवरचीच लागायची, आणि चूल विझली की मंगलचा उद्धार व्हायचा. या भाद्रपदात रंगुबाईचा निरोप आला, "घट बसायच्या आत चूल कोरडी करून द्या, न्हाई तर लेक घेऊन जावा."

बिराप्पा जतहून पहिल्या एसटीनं आला. जतच्या बाजूला त्याचं नाव होतं. बिराप्पानं बांधलेलं गळत नाही असं लोक म्हणत, आणि तोही ते आवडीनं ऐकून घेई. मंगलच्या सासरच्या भावकीतले नानासो आणि आप्पासो अंगणात मुद्दाम येऊन बसले होते. त्यांच्यादेखत त्यानं आल्या आल्या तोंड सोडलं होतं.

"कुठल्या अडान्याचं काम हाय ह्ये? असल्याच्या हातात थापी देऊ नये! पोरीच्या पायाला कशाला बोल लावताय? दोष त्या हाताचा हाय, आन् आज त्यो दावतो."

"दावा की, पावनं," नानासो म्हणाला. "आमीबी बघतो."

आता धुराड्याची पश्चिमेची बाजू उरली होती. त्यानं तांब्या ओतला आणि थांबला.

"आलं का गं?"

"न्हाई, आबा."

"आगं, न्हाई काय?" रंगुबाई खेकसली. "टपाटपा पडतंय की राखंत! डोळं फुटलं का तुजं?"

बिराप्पाला आनंद झाला. त्यानं त्या बाजूचं शेवाळ थापीनं खरवडलं. एक वीट मधोमध तडकली होती. तड्यात गंजलेला खिळा होता आणि खिळ्याला काळ्या चिंधीची गाठ. पाणी चिंधीत मुरत होतं, खिळ्यावरून आत जात होतं आणि थेट चुलीत पडत होतं.

सहा इंची खिळा. सेंट्रिंगच्या फळ्यांना मारायचा. असला खिळा गवंड्याच्याच पिशवीत असतो.

मग त्याला आठवलं. लेकीला नांदायला सोडायला आला, त्या दिवशी तो काळी बाहुली घेऊन स्वतःच वर चढला होता. घर नवं, लेक देखणी. नजर लागू नये. दोरीनं बांधली असती तरी भागलं असतं. अर्ध्या विटेच्या भिंतीत खिळा मारू नये, हे तो पंचवीस वर्षं हाताखालच्या माणसांना सांगत आला होता. त्या दिवशी आनंदाच्या भरात त्यानंच चार घाव घातले होते.

"सापडलं काय, पावनं?" अंगणातून नानासो ओरडला.

खिळा वर करून दाखवला असता तर लेक त्याच घडीला सुटली असती. त्यासाठीच तर तो आला होता. पण मघाशी सोडलेलं तोंड आठवलं. अडाणी कोण ते साऱ्या भावकीला कळलं असतं, आणि बाजाराच्या दिवशी जतपर्यंत पोचलं असतं. बिराप्पानं खिळा उपसला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

"वीट तडकलीया," तो म्हणाला. "उनानं."

त्यानं वीट बदलली, सांधे भरले, घोटून गुळगुळीत केले. माल धरायला रात्र जाणार होती, म्हणून मुक्काम केला. मंगलच्या हातची भाकरी खाल्ली, तेव्हाही खिळा खिशातच होता. सकाळी नानासो-आप्पासोंच्या समोर बादलीभर पाणी ओतलं. एक थेंब आला नाही. काम चोख झालं होतं.

रंगुबाईनं चुलीतली राख चिमटीत घेऊन चोळून बघितली.

"कोरडी हाय. ऱ्हाऊ द्या पोरीला." मग जरा थांबून म्हणाली, "पर ऊन काय आजचं हाय? वीट तडकली ती ही आल्यावरच. घटाला हिनं हात लावायचा न्हाई."

सगळ्यांनी बिराप्पाकडं पाहिलं. बोलायला अजून जागा होती. खिळा खिशातून कमरेला टोचत होता. तो थापी धूत राहिला.

मंगल त्याला एसटीच्या फाट्यापर्यंत सोडायला आली. बिराप्पाला लाज वाटत होती, आणि ती लेकीला दिसू नये म्हणून तो दोन पावलं पुढंच चालत होता. एसटी लांबवर दिसली तेव्हा तिनं पिशवी त्याच्या हातात दिली.

"आबा, खिशातला खिळा वाटंत कुठंतरी टाका," ती म्हणाली. "पैल्या पावसातच वर चढून बघितला हुता मी. दोन वर्सं हितं कुणाला कळू दिला न्हाई. घरी आईलाबी कळू देऊ नगा."