खुंटीवरची टोपी

"हात धुतलेत का?" म्हातारीनं विचारलं, तशी संग्रहालयाच्या बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"आई!" लेक ओशाळली. "त्या हातमोजे घालणारेत."

"मग घालू देत की. मी कुठं नको म्हटलंय?"

दाराजवळच्या खुंटीवर करडी, रुंद काठाची टोपी होती. लेक पोटात असल्यापासून टोपीची जागा तीच. संग्रहालयात जुन्या टोप्यांचं प्रदर्शन लागणार होतं, आणि लेकीनं आईला न विचारताच वडिलांची टोपी कबूल करून टाकली होती. म्हातारी आठवडाभर धुमसली. पण "बाबांचं काहीतरी काचेमागं राहील गं" असं लेक म्हणाली, तेव्हा म्हातारीचं तोंड बंद झालं.

ते फार वेळ बंद राहणारं नव्हतं.

"तेव्हा बोडक्या डोक्यानं माणूस गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा जायचा नाही," ती बाईंना सांगू लागली. "घरी आला की टोपी खुंटीवर. म्हणून दूधवाला काय, घरमालक काय, आधी खुंटी बघायचे. टोपी दिसली की आवाज लोण्यासारखा मऊ. नाही दिसली की त्याच तोंडाला काटे फुटायचे. शेजारणीसुद्धा खुंटी बघूनच बसायचं की उभ्यानं बोलायचं ते ठरवायच्या. मेल्या!"

"बाबांची फिरतीची नोकरी," लेक म्हणाली. "मी झोपल्यावर यायचे. सकाळी उठून बघावं तर टोपी खुंटीवर. आवाज करायचा नाही, ते आत झोपलेत, अशी आईची ताकीद. मी शाळेतून येईपर्यंत टोपीसकट निघून गेलेले." ती हसली. "पावसाळ्यात टोपी ओली असायची. मी खाली उभी राहून काठावरचे थेंब तळहातावर झेलायचे. चेहरा आठवत नाही मला त्यांचा. ते थेंब आठवतात."

म्हातारी खिडकीबाहेर बघत होती.

"मग एकदा गेले ते आलेच नाहीत," लेक म्हणाली.

"आणि टोपी?" बाईंनी विचारलं.

"घाईत विसरले," म्हातारी चटकन बोलली.

बाईंनी मान डोलावली. टोपी काढून टेबलावर उलटी ठेवली. "टोपी फार बोलकी असते. आतली पट्टी घामानं काळी पडते. कुणाला नमस्कार करताना चिमटीत धरायची ना, तिथं पुढचा काठ झिजतो. माणूस तेल किती लावायचा, तेसुद्धा…"

त्या थांबल्या. पट्टीचं चामडं पिवळंधमक होतं. पुढचा काठ जसाच्या तसा.

"माणूस टापटिपीचा होता," म्हातारी म्हणाली. "आणि ब्रश मी रोज मारायचे."

"काही कळतं का हो त्यांच्याबद्दल?" लेकीनं वाकून विचारलं. आता साठी उलटलेली ती, पण डोळे तळहातावर थेंब झेलणाऱ्या पोरीचे.

बाईंनी म्हातारीकडे पाहिलं. गल्लीभर जिच्या जिभेचा धाक, ती खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती.

"कळतं ना," बाई सावकाश म्हणाल्या. "या टोपीच्या माणसानं तुम्हाला फार जपलं."

लेकीनं डोळे टिपले. "थांबा, खोकं आणते गाडीतून," म्हणत ती घाईनं जिना उतरली.

तिची पावलं खाली पोचल्याचं ऐकू आलं. म्हातारीनं हात लांबवून टोपीवरची नसलेली धूळ झटकली.

"आजी," बाई हळूच म्हणाल्या, "ही तर कुणाच्या डोक्यावर कधी बसलीच नाही. मग ओली कशी व्हायची?"

"पाऊस लागला, की पोर उठायच्या आत मी नळाखाली धरायचे," म्हातारी म्हणाली.