हात वर करून

“सर, पाच वर्षांत तुम्ही लोकसभेत प्रश्न किती विचारलेत?”

हॉलमधल्या सगळ्या माना माइककडे वळल्या. तिसऱ्या रांगेत सोनालीनं तोंडावर हात दाबला. ‘विचारूनच दाखव, पार्कवरची भेळ माझ्याकडून,’ असं तीच म्हणाली होती. आणि संस्कृतीनं विचारलं होतं की! आवाज तर स्पीकरमधून असा खणखणीत आला की तिचं तिलाच भारी वाटलं.

माइक एका हातात, दुसऱ्या हातात चिठ्ठी. पप्पांच्या अक्षरातली. ‘साहेब, आपल्या यशाचं रहस्य काय?’ आधी दहावीच्या गुणवंतांचा सत्कार, मग खासदार साहेबांचं भाषण आणि शेवटी ‘मुलांशी मुक्त संवाद’. मुक्त संवादाच्या पाचही चिठ्ठ्या काल पप्पांनी घरी बसून लिहिल्या होत्या.

पप्पा, म्हणजे धनाजी, फेटा बांधून स्टेजच्या पायरीपाशी उभे होते. महापालिकेला वॉर्डाचं तिकीट देऊ, असं साहेबांनी त्यांना अर्धंमुर्धं कबूल केलं होतं. ते तिथूनच नुसते ओठ हलवत होते, ‘चिठ्ठी! चिठ्ठी!’

“अनेक,” साहेब हसून म्हणाले. “अनेक प्रश्न विचारलेत, बाळा.”

“अनेक म्हणजे किती, सर?”

साहेबांनी पीएकडे बघितलं. पीएनं मोबाइलमध्ये बघितलं.

“तीन,” शेवटी संस्कृतीच म्हणाली. “लोकसभेच्या साइटवर आहेत. त्यातला एक दीपगृहांच्या दुरुस्तीचा आहे. सर, आपल्या सोलापुरात दीपगृह कुठंय?”

“कंबर तलावावर बघ की गं!” मागून कोणीतरी ओरडलं आणि अख्खा हॉल हसला.

साहेबही हसले. सगळ्यात मोठ्यांदा तेच. “हुशार आहे पोरगी! अगं, देश मोठा आहे. आपल्यापुरतं बघून चालत नाही.”

टाळ्या. आता ह्यात टाळ्या कशाला? संस्कृतीनं माइक घट्ट धरला.

“बरं सर, मागच्या अधिवेशनात एका दिवसात सात विधेयकं पास झाली. त्यातल्या कुठल्याला तुम्ही होय म्हणालात आणि कुठल्याला नाही?”

“ते आवाजी मतदान असतं, बाळा. सगळे एकदमच ओरडतात. कोण काय म्हणालं ते कोणी लिहून ठेवत नाही.”

“म्हणून तर तुम्हाला विचारते. तुम्हाला तर आठवत असेल की.”



साहेब उठले. स्टेजवरून खाली आले आणि येताना टेबलावरची एक शाल उचलून आणली. मघाशी सत्कारात मिळालेली शाल तिच्या खांद्यावर होतीच, तिच्यावरच त्यांनी ही दुसरी टाकली. हातात अजून एक नारळ दिला. नारळ धरायचा तर माइक सोडायलाच लागला.

“पुढच्या वेळी दिल्लीला हिलाच पाठवा!” साहेब माइकमध्ये म्हणाले.

टाळ्या, शिट्ट्या, फोटो. आणि लगेच राष्ट्रगीत. राष्ट्रगीतात कोण प्रश्न विचारणार?

हॉलच्या गेटवर फ्लेक्स होता. वर साहेब, हात जोडलेले. ‘संसदेतला सोलापूरचा बुलंद आवाज’. मधे शाळेच्या ड्रेसात संस्कृती, ९६.४० टक्के. खाली गोल गोल अकरा शुभेच्छुक. डावीकडून सातवे पप्पा. नऊ वर्षं सतरंज्या उचलल्या, तेव्हा कुठं ह्या गोलात आले होते.

“तोंडाला कुलूप लावायचं काय घेशील गं तू?” पप्पा फेटा उतरवत म्हणाले. “चिठ्ठी लिहून दिलीती ना तुला? आता कशाचं तिकीट अन् कशाचं काय!”

तेवढ्यात फोन वाजला.

“व्हय साहेब. न्हाय साहेब, पोरगी जरा... व्हय? व्हय व्हय. लावतो की!”

फोन ठेवला तेव्हा पप्पांचा चेहरा लख्ख झाला होता. “साहेब लई खूश हायत! हे बघ.”

मोबाइलवर साहेबांच्या पेजवरच्या फोटोत संस्कृतीचं तोंड उघडं होतं, अंगावर दोन शाली आणि डोक्यावर साहेबांचा हात. वर लिहिलं होतं, ‘विद्यार्थिनीच्या प्रश्नांना मा. खासदारांची मनमोकळी उत्तरे’. चारशे लाइक.

“पण उत्तर कुठं दिलं त्यांनी?”

“दिलं की. सगळ्यांनी टाळ्या न्हाईत का वाजवल्या?”

“पप्पा, किती विधेयकांना होय म्हणाले ते? सांगा.”

“ते कशाला पायजे आपल्याला? तिकीट पक्कं झालं बघ! हाच फ्लेक्स उद्या नवी पेठेत लावायला सांगितलाय, तुझा फोटो मोठा करून.”

आई, विजयमाला, दोन्ही नारळ पिशवीत घेऊन शेजारी उभी होती. ती होय म्हणाली नाही. नाहीपण म्हणाली नाही. तिचं नेहमी असंच असायचं.

संस्कृतीनं अंगावरच्या दोन्ही शाली काढल्या, घडी घातली आणि पप्पांच्या हातांवर ठेवल्या.

“माझं ठरलं,” ती म्हणाली. “मी ह्या फ्लेक्सवर राहणार नाही. मांडववाल्याकडून ब्लेड आणते आणि माझा फोटो कापून घेते. तुम्हा दोघांचं होय का नाही, तेही आत्ताच सांगा. पण हात वर करून सांगायचं. आवाजी नको.”

आईनं नारळांची पिशवी खाली ठेवली.