हान आजींची बरणी

नीलिमाने बरणीचं झाकण फिरवलं, तसा आतून फस्स आवाज आला आणि तिचा नवरा शिरीष दोन पावलं मागेच सरला.

“अगं, पार आंबलंय ते! आधीच त्या माणसाच्या पोटात अन्न नाही, त्यात हे घालणार?”

“किमची आंबवलेलीच असते,” नीलिमा म्हणाली खरी, पण खात्री तिलाही नव्हती. बरणी एकच होती. शेजारच्या कोरियन हान आजींनी कुंपणाच्या निखळलेल्या फळीच्या फटीतून दिलेली, त्यांच्या हातच्या कोबीच्या तिखट लोणच्याची. मासळीचा वास येतो म्हणून ती गॅरेजमधल्या फ्रिजमध्येच पडून राहिली. आणि आजी कोविडने हॉस्पिटलात गेल्या त्या गेल्याच. आता दुसरी बरणी कुठून येणार?

तेव्हापासून हान आजोबांनी धड काही खाल्लं नव्हतं. मुलगा देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला, आणि राज्यांच्या बॉर्डर बंद. तो बिचारा रोज फोन करून नीलिमाला विचारायचा, बाबा जेवले का म्हणून. काय सांगणार त्याला? वरणभात ठेवून झाला, मऊ खिचडी ठेवून झाली. डबा त्यांच्या दारात तसाच्या तसा.

त्यात श्रावण. घरात कांदासुद्धा चिरायचा नाही, मग हे तर फारच झालं. म्हणून ही सगळी खटपट मागच्या अंगणात, इथल्या उलट्या ऋतूंमुळे श्रावणात पडलेल्या कडाक्याच्या थंडीत, बार्बेक्यूच्या शेगडीवर.

लेक कादंबरी फोनमध्ये बघून आईला सांगत होती. “चिल, आई. परतायला आंबटच लागते. द ओल्डर, द बेटर. आधी कांदा, मग किमची. पिंच ऑफ शुगर. लास्टला तिळाचं तेल.”

तिळाचं तेल घरात नव्हतं. नीलिमाने मूठभर तीळ भाजून कुटून घेतले. सवयीने हात हिंगाच्या डबीकडे गेला, तो तिने मागे घेतला. बरणी पालथी करता करताही ती थांबली. तळाशी चार पानं आणि लाल पाणी राहू दिलं.

“आता ते कशाला?” शिरीषने विचारलं.

“असू दे. दही तरी आपण कधी पुरतं संपवतो का? विरजणापुरतं ठेवतोच ना.”

किमची परतून होत आली. “अगं, चाखून तरी बघ,” शिरीष म्हणाला.

“श्रावणात?”

“मग जमलीय की नाही कसं कळणार तुला?”

“नैवेद्याचं कसं कळतं?” नीलिमा म्हणाली.

वास कुंपणापलीकडे गेला असावा. तिकडचं मागचं दार वाजलं. आजोबा फळीच्या फटीशी येऊन उभे राहिले. अंगात नाइट ड्रेस, मास्क हनुवटीखाली, दाढी वाढलेली. ते कढईकडे बघत होते.

नीलिमाने वाडग्यात भात घातला, वर किमची घातली, वाडगा फटीतून पुढे केला आणि लांब सरून उभी राहिली.

आजोबांनी एक घास तोंडात घातला. चावता चावता थांबले. घास तोंडात तसाच धरून उभे राहिले.

“माय वाइफ,” ते म्हणाले.

“येस.”

त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. नीलिमाने जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा, तर तीही सोय नाही.

मग आजोबांनी कढईकडे बोट दाखवलं. “ऑल कुक? फिनिश?”

ते काय विचारताहेत, ते नीलिमाला कळलं. तिने झटकन बरणी उचलली आणि उजेडात धरली.

“नो, नो. नॉट फिनिश. वी कीप अ लिटल. आय विल गेट कॅबेज, पुट इन धिस.”

आजोबांनी मान हलवली. “आय डोन्ट नो हाऊ. शी मेक. आय ओन्ली ईट.”

“आय विल मेक,” नीलिमा म्हणाली. आता श्रावण इंग्रजीत कसा सांगायचा? तिने तो नादच सोडला. “बट आय कान्ट टेस्ट. यू टेस्ट. एव्हरी डे. यू टेल मी.”

आजोबांनी त्या बरणीकडे बघितलं. मग त्यांनी पुन्हा घास घेतला. या वेळी डोळे मिटून, सावकाश चावून खाल्ला.

“शुगर,” ते म्हणाले. “शी पुट मोअर शुगर.”

आणि भात संपवून त्यांनी आणखी घालायला रिकामा वाडगा फटीतून पुढे केला.