कोपऱ्यातला श्री

शिष्यवृत्ती परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा तो गठ्ठा शरयूताईंनी तिसऱ्यांदा स्कॅनरमध्ये घातला, आणि संगणकाने तिसऱ्यांदा तोच हेका धरला: ‘कोपऱ्यातली खूण सापडत नाही.’

ताई चक्रावल्या. गोल नीट काळे केलेले, कागद कुठे दुमडलेला नाही, मग चाळीस पोरांचे गुण अडले का म्हणून?

“पोरांनीच काहीतरी खरडलं असणार,” इनामदार सर म्हणाले.

ताईंनी एकेक कोपरा तपासला. पोरांचे सगळे स्वच्छ. राहिला गठ्ठ्यावरचा पहिला कागद. त्यावर शाळेचा क्रमांक ताईंनीच भरला होता, आणि तो वाचल्याशिवाय मशीन पुढे सरकत नसे. कोपऱ्यातल्या काळ्या चौकोनाला खेटून त्यांच्याच हातचा सुबक ‘श्री’ होता.

ताईंनी जीभ चावली, कोरा कागद ओढला आणि पेन उघडलं. हात आपसूक त्याच कोपऱ्याकडे वळला.