कडूबाची चांदणी

सोनाळ्याच्या कडूबानं गावरान बियाण्याचं सारं ज्ञान कम्प्युटरात साध्या अक्षरात टाइप केलं, हर मथळ्याआधी एक चांदणी (*) ठोकून. मंग बुढा गेला.

आज सून छायानं ते पानं दाखवणाऱ्या प्रोग्राममधी मथळ्याची खूण म्हणून चांदणीच्या जागी हॅश (#) ठरवला, तं सासऱ्याची पानं कोरीच उघडली.

"काऊन वं, बुढ्याले पुसून टाकलं काय?" सासू सोजराबाई कळवळली.

"नाही जी, आत्याबाई. जुनी खूणबी चालू ठेवतो."

छायानं जुना नियम परत घातला. पानामागून पान उजळलं.

शेवटी मात्र एक ओळ हॅशची होती: 'सूनबाई, नवी खूण मलेबी जमली.'

"जितेपणी माह्यं आयकलं नाही, अन् आता सुनेचं आयकते!" सोजराबाई रडता रडता हासली.

कीबोर्डवर कोणाचा हात नव्हता. खाली अक्षरं उमटली: 'तुह्यंबी आयकू येऊन राह्यलं, सोजरा.'