रात्रभर चालला पाहिजे
"हा कॉम्प्युटर दुरुस्त करून द्या, तळघर तुमचं," स्टॉयनाआजी म्हणाली आणि तिनं चावी ल्युबेन आणि नेवेनाच्या नाकासमोर नाचवली.

तळघर! ल्युबेनच्या आईनं कालच बजावलं होतं, शनिवारपर्यंत ही जुनी धुडं स्वयंपाकघरातून हलली नाहीत तर थेट कचऱ्यात. त्यानं आणि नेवेनानं अख्ख्या प्लोव्दिव शहराच्या भंगारातून जमवलेले, पुन्हा जिवंत केलेले सगळे कॉम्प्युटर!

"पण आजी, याला झालंय काय?" नेवेनानं विचारलं.

"रात्री मध्येच बंद पडतो मेला. सकाळी उठून बघावं तर सगळा विचका. रात्रभर चालला पाहिजे, बास. बाकी मला काही कळत नाही."

नेवेना ल्युबेनच्या कानाला लागली. "मुलगा टोरोंटोत असतो तिचा. आपली रात्र म्हणजे तिकडे संध्याकाळ."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं!" ल्युबेननं बाह्या सरसावल्या.

कॉम्प्युटरला हात लावला तर चटकाच बसला. पंखा असा घरघरत होता की आता उडून जातोय. आतली जुनी सिस्टीम उगाचच शंभर कामं काढून धापा टाकत बसली होती.

"उडव सगळं," नेवेना म्हणाली.

ल्युबेननं त्याची लाडकी चिमुकली सिस्टीम चढवली. मग तिच्यातलंही नको ते सोलून काढायला घेतलं.

"प्रिंटर?"

"उडव."

"पत्त्यांचे खेळ?"

"उडव!"

"घड्याळ?"

"ए राक्षसा, घड्याळ राहू दे. मुलाला कधी फोन करायचा ते कळायला नको?"

मग आतली धूळ फुंकली. दोघांना शिंकांवर शिंका. बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत पडदा तयार! नेवेना किंचाळलीच. पंखा फिरतोय की नाही तेही कळेना.

"सकाळी या," आजी म्हणाली. "रात्रभर चालला तर चावी घेऊन जा."

घरी जाईपर्यंत दोघांनी तळघरात टेबलं कुठे, खुर्च्या कुठे, सगळं ठरवून टाकलं. त्यावरून एकदा भांडूनही झालं.

सकाळी दोन-दोन पायऱ्या उड्या मारत वर आले. कॉम्प्युटर चालू! हिरवा दिवा मजेत लुकलुकतोय!

"एकदाही बंद पडला नाही!" ल्युबेननं तळहात पुढे केला.

आजीनं चावी एप्रनच्या खिशात टाकली.

"अहो आजी, असं काय करता? हात लावून तर बघा! कसा बर्फासारखा गार पडलाय!"

"तेच तर, मेल्यांनो!" आजीनं कॉम्प्युटरवरचं, जाड शालीत गुंडाळलेलं मातीचं मडकं उचललं आणि झाकण काढून ल्युबेनपुढे धरलं. आत दूध डुचमळत होतं. "बर्फावर कधी दही लागतं का रे?"