बाहुलीचा बाप

अकोल्याच्या छोट्या नाट्यगृहात रविवारी गजेंद्रचं नाटक होतं. त्यात तान्ह्या लेकीला एकट्यानं वाढवणारा बाप झाला होता तो. रबरी बाहुलीची मान कशी सावरायची, तिला थोपटायचं कसं, हे सारं नीलमनं आपल्या नवऱ्याला जीव लावून शिकवलं होतं. त्या निमित्तानं तरी तो आपल्या खऱ्या लेकीला, चिऊला, उचलून घेईल, म्हणून.

प्रयोग संपला तेव्हा लोक डोळे पुसत होते. किरकिरणाऱ्या चिऊला घेऊन दाराशी उभ्यानंच नाटक पाहिलेली नीलम लगबगीनं विंगेत गेली.

"आवो, घ्या ना हिले जरासं. हात भरून आले माहे."

"थांब ना वं, लोकं भेटाले येऊन राहिले!"

आणि त्यानं बाहुलीसुद्धा, अलगद मान सावरून, तिच्याच दुसऱ्या खांद्यावर ठेवली.